तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रकचं ‘ओला-उबर’ का झालं नाही?

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, प्रश्न ठरलेला. “टॅक्सीचं ॲप चाललं, मग तुझं ट्रकचं का नाही चाललं?” एरवी मी ‘मार्केट अवघड आहे’ म्हणून सटकतो. आज नीट सांगतो.

मी सांगलीचा. मामाच्या दोन दहाचाकी गाड्या. साखर, हळद, तासगावचा बेदाणा भरून मुंबईकडे जायच्या आणि परतीच्या भाड्यासाठी नवी मुंबईजवळच्या कळंबोलीत, ट्रकच्या अड्ड्यावर, उभ्या राहायच्या. कधी एक दिवस, कधी चार. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. मला वाटलं, आता अडसर उरला तो फक्त दलालाचा! पुण्यातली नोकरी सोडून ॲप केलं. मालवाल्यानं माल टाकायचा, गाडीवाल्यानं गाडी, मध्ये कोणी नाही.

पहिली गाडी अर्थात मामाचीच. भिवंडीच्या एका गोदामावर ती तीन दिवस खालीच झाली नाही. वाराई, म्हणजे हमालांची माल उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावर वाद, दोन पोती भिजली म्हणून कपात, हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचा, एक रुपया नाही आणि उरलेलं भाडं आजतागायत यायचंय. मामा चिडला नाही. एवढंच म्हणाला, “अरे, तुझ्या ॲपला फोन लावून शिव्या घालता येतात का?”

मग मी कळंबोलीत एका दलालाकडे जाऊन बसू लागलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. टेबलावर लाल डायरी, दोन फोन, चहाचे ग्लास. पार्टीचे, म्हणजे मालवाल्याचे, पैसे महिना-दीड महिन्यानं येणार, तरी गाडीवाल्याला ॲडव्हान्स अण्णा आज स्वतःच्या खिशातून देतात. कुठलं गोदाम रात्री माल उतरवतं, कुठला मुनीम विनाकारण वजनात खोट काढतो, हे त्यांना पाठ. रात्री दोनला टायर फुटला की ड्रायव्हर मालकाच्या आधी त्यांना फोन करतो. त्यांच्या कमिशनला मी ‘फुकटचं’ म्हणत होतो, याची आता लाज वाटते. टॅक्सीत माणूस आपला आपण चढतो, उतरतो, पोचल्याची सही मागत नाही. माल मुका असतो, त्याच्या वतीनं कुणीतरी भांडावं लागतं.

तिथंच मला खरी गाठ सापडली. भरताना भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स मिळतो, बाकी पोच आल्यावर. पोच म्हणजे माल घेणाऱ्यानं सही-शिक्का मारलेली बिल्टीची, म्हणजे माल वाहतुकीच्या पावतीची, प्रत. हा कागद ड्रायव्हरच्या सीटखाली इंदूरला जातो, तिथनं नागपूर, आणि वीस दिवसांनी हळदीनं पिवळा होऊन सांगलीला येतो. तो आला की बिल, बिलानंतर पुन्हा उधारी. डिझेल मात्र रोखीत!

ॲप बंद केलं आणि त्या पोचेच्या मागे लागलो. ड्रायव्हरनं गोदामाच्या दारातच पोचेचा फोटो काढून आम्हाला पाठवायचा, बिल त्याच दिवशी निघतं. मूळ कागद नंतर सावकाश येऊ दे. काही पार्ट्या अजून ‘ओरिजिनलच हवा’ म्हणून अडून बसतात, तिथं आमचं काही चालत नाही. 2018 पासून ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, आहेच आणि त्याला मुदत असते. सुरुवातीला दर 100 किलोमीटरला एक दिवस मिळायचा, 2021 पासून 200 ला एक. गाडी घाटात बंद पडली तर मुदत वाढवायला संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ तास मिळतात, त्याची आठवण आम्ही करून देतो. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून मामाला मात्र फुकटचं जीपीएस मिळालंय. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, टोल कापल्याचा मेसेज आला की तो मोठ्यानं नाव वाचतो आणि मामीला सांगतो, “पुण्याला लागली गाडी.”

अण्णा आता आमचे ग्राहक आहेत. लाल डायरी आहेच. आमच्या स्क्रीनवरचा आकडा ते तिच्यात पेननं उतरवून घेतात आणि मगच खरा मानतात.

आणि माझं तंत्रज्ञानातलं करिअर म्हणाल, तर आज सकाळीच तीन ड्रायव्हरांना फोन केले. “दादा, फोटोत तुमचा अंगठा आलाय. शिक्का दिसत नाही. परत काढा.”