पंधरा मिनिटं

जानेवारीतली पहाट, पाचला दहा कमी. एसटी आगारातल्या कंट्रोल केबिनच्या खिडकीतून टीसीनं, म्हणजे वाहतूक नियंत्रकानं, दारू तपासायचं मशीन पुढं केलं. पोरगा माझ्या थोरल्याच्या वयाचा. "काका, फुका. लांब फुका."

अकरा महिन्यांनी अंगावर ड्रायव्हरची खाकी होती. फुंकलं. बीप वाजला आणि आकडा आला, ८.

पोराचं तोंड उतरलं. मागं लॉगशीटसाठी उभे असलेले दोघं बोलता बोलता थांबले. "देवाशपथ बापा, पाण्याशिवाय काही नाही घेतलं," मी म्हणालो. म्हणतानाच आठवलं, मागच्या खेपेलाही मी अगदी हेच म्हटलं होतं.

तेव्हा मुक्कामी गाडीवर होतो, रात्री गावातच थांबणारी. गावात ओळखीच्याकडे साक्षगंध, जेवण, मग मोहाची. साडेबाराला आडवा झालो. साडेपाचला थंड पाण्यानं अंघोळ केली, दोन लवंगा चावल्या आणि एकतीस किलोमीटर गाडी आणली. वाटेत शाळेच्या पोरी चढल्या. हात थरथरत नव्हता, डोकं साफ होतं. उतरली, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. आगारात फुंकलं तर ४४. दवाखान्यात रक्त घेतलं, तिथंही ३० च्या वरच. कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा तीच, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पुढं केस, चार्जशीट, निलंबन, निर्वाह भत्त्यावर घर. ते उगाळत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरनं कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. शरीर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागं साधारण पंधराच मिलिग्रॅम काढतं. लवंगानं, लिंबानं, थंड पाण्यानं तो वेग वाढत नाही. वास जातो, रक्तातली जागची हलत नाही. लिटरमागं गाडी किती किलोमीटर देते हे मला तोंडपाठ, आणि हा हिशेब एवढ्या वर्षांत कुणी विचारला नाही, मीही नाही. उतरली की नाही हे आम्ही सगळे अंदाजानंच ठरवत आलो. माझं झालं ते झालं, पण त्या पोरी गाडीत होत्या, हे अजून रात्री डोळ्यांसमोर येतं.

"औषध-बिवषध घेतलं का?" टीसीनं विचारलं.

घेतलं होतं. आठ दिवसांचा खोकला, निघताना बायकोनं जिभेवर होमिओपॅथीचे थेंब टाकले होते. पिशवीतून बाटली काढून दिली. त्यानं मोबाइलच्या उजेडात लेबल वाचलं. बारीक अक्षरात अल्कोहोल.

"चूळ भरा, पंधरा मिनिटं बसा. तोंडातलं असंन तर उडून जाईन. रक्तातलं असंन तर राहीन." एवढं बोलून त्यानं तो ८ रजिस्टरमध्ये लिहिला, वेळेसकट. तेव्हा राग आला. आता वाटतं, लिहिला नसता तर पुढच्या शून्यावर कुणी विश्वास ठेवला असता?

बाकावर बसलो. समोर मानव विकासची, शाळेच्या पोरींसाठीची निळी गाडी सुरू होऊन गरम होत होती, माझीच. कंडक्टर मॅडमनी तिकीट मशीन गळ्यात अडकवली, घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. चहावाल्यानं कप पुढं केला, मी नको म्हटलं. चहानं काही बिघडलं नसतं, पण ओठाला काही लावायची हिंमत होईना. धुक्यात दोन गाड्या बाहेर पडल्या.

दुसऱ्यांदा फुंकलं. शून्य. टीसीनं तोही आकडा त्याच ओळीत लिहिला.

गाडी उशिरा सुटली. मॅडमनी डबल बेल दिली, तेवढंच आमचं बोलणं. पऱ्हाटीच्या वावरातून धुकं सरकत होतं, हेडलाइट लावूनही पुढचा टप्पा दिसत नव्हता. शाळेच्या थांब्यावर एक पोरगी उतरताना म्हणाली, "काका, कुठी होते इतके दिवस?"

"सुट्टीवर," मी म्हणालो. मॅडमनी आरशात माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी उद्याची ड्युटी लागली. मुक्कामी गाडी, तेच गाव. बदलून मागितली, तर म्हणे माणूस नाही.

घरी फोन केला. बायको थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तिथं फोनले रेंज हाय का?"

"शाळेच्या ओट्यावर येते."

"मंग तिथंच निजा."