चौथा नंबर

म्हापशाजवळच्या एका कॉलेजच्या फेस्टमध्ये गेल्या महिन्यात, व्हिडिओ गेमच्या संगीताच्या फेरीत, मी एका मुलाला चौथा नंबर दिला. माझं चुकलं हे त्याच रात्री केबल गुंडाळताना कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

माझं काम साऊंडचं. गाव पेडणे, गोडाऊन म्हापशाला. नाटकं, भजनी स्पर्धा, जत्रा, लग्नं. लोकांना वाटतं साऊंडवाला म्हणजे आवाज वाढवणारा. माझा निम्मा वेळ आवाज कमी करण्यात जातो. नाटकात पार्श्वसंगीत सोडलं की नटाच्या वाक्याला जागा ठेवावी लागते. दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे शब्दांची स्पष्टता असते, तिथे संगीत तीन-चार डेसिबल खाली घ्यायचं. प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही, पण शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्द न् शब्द कळतो. हे अंगात मुरायला मला दहा वर्षं लागली.

कॉलेजात फायटिंग गेमची, म्हणजे दोघांनी समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेमची, स्पर्धा होती आणि तिच्या जोडीला एक वेगळीच फेरी. पाच मुलांनी आपापल्या आवडीच्या गेमचं संगीत घेऊन यायचं, दोन मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं ऐकवायचं. कोणाचं सरस ते परीक्षक ठरवणार. दोन परीक्षकांपैकी एक आला नाही, दुसऱ्याने दुपारी फोन उचलला नाही. साडेचारला संयोजक मुलगा माझ्याकडे आला. "सर, तुम्हाला कान आहे, तुम्हीच बसा ना." साऊंडवाल्याला कान आहे असं कोणी तोंडावर म्हणायची ही पहिलीच वेळ. मी हो म्हटलं.

मुलांच्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या आणि आधी लाउडनेस मोजला. तो उण्यात मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. गिल्टी गियरची फाइल उणे आठच्या आसपास, स्ट्रीट फायटर टूची उणे वीसच्या खाली. म्हणजे बारा डेसिबलचा फरक! अशी तुलना म्हणजे एकाने पेटीवर उभं राहून उंची मोजून घेण्यासारखं. एखाद-दोन डेसिबलने मोठं असलेलंही कानाला 'जास्त चांगलं' वाटतं, आणि ऐकणाऱ्याला त्याचं कारण सांगता येत नाही. शिवाय आवाज खाली गेला की कानाला खर्ज आणि टिपेचा भाग आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. मी पाचही फाइली सगळ्यांत हळू फाइलीच्या पातळीवर आणल्या आणि मास्टर, म्हणजे सगळ्याचा एकत्र आवाज, वर घेतला. संयोजक दोनदा येऊन म्हणाला, "सर, मजा येत नाही, बेस द्या." दिला नाही. तो हॉल खालच्या सुरांना असाच घुमतो. सिमेंटच्या पत्र्याखाली बेस वाढवला असता तर पाचही गेम सारखेच ऐकू आले असते. कॉलेजं लाखभर रुपये लाईटवर घालतात आणि हॉलला चार पडदे लावत नाहीत.

स्ट्रीट फायटर टू एका मुलीने आणलं होतं. १९९१ चा गेम, बरंचसं संगीत योको शिमोमुराचं. त्या मशीनमध्ये यामाहाची वायएम २१५१ ही चिप, तिचे एका वेळी आठ आवाज. आठांत खर्ज, सूर, भरणा सगळं बसवायचं, म्हणून एकही स्वर फुकट जात नाही. त्यातल्या गाईल या लढवय्याची धून तिने आधी तोंडाने म्हटली, मग लावली. हॉलमधल्या निम्म्या मुलांनी ती पुढे म्हटली. त्यांचा जन्म त्या गेमनंतर पंधरा वर्षांनी झालेला! ती एवढंच म्हणाली, "चाल अशी हवी की स्पीकर फाटका असला तरी कळावी." मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले. ते आजही बदलणार नाही.

दुसरा नंबर स्ट्रीट फायटर थ्रीच्या थर्ड स्ट्राइकला, १९९९ चा, जॅझ आणि ड्रम अँड बेस एकत्र आणि वर रॅप. तिसरा गिल्टी गियर स्ट्राइव्हला. तो गेम ज्याने घडवला त्या दायसुके इशिवातारीनेच त्याचं संगीतही केलंय, धडाडीचं रॉक, गाण्यांसकट. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. पाचवं टेकन थ्री. प्लेस्टेशनची फाइल होती. मला वाटलं, नुसता ठेका फिरतोय, चाल कुठे आहे?

आणि चौथा तो मुलगा. त्याचा गेम किलर इन्स्टिंक्ट, २०१३ चा, संगीत मिक गॉर्डनचं. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "सर, ही फाइल नुसती ऐकून कळणार नाही. मॅच लावू का?" मी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं संपली, फाइल लाव." त्याने लावली. गिटार, ड्रम, सगळं दणदणीत, पण मला ते तुकडे जोडल्यासारखं वाटलं. 'लढतीला साजेसं' या रकान्यात मी दहापैकी पाच लिहिले. लढत मी पाहिलीच नव्हती.

बक्षीस समारंभ उरकला, हॉल रिकामा झाला. मी केबल गुंडाळत होतो, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. तो मुलगा मित्राला घेऊन आला. "सर, पाच मिनिटं मिक्सरला लावू?" चॅनल अजून चालू होता. लावू दिलं.

सुरुवातीला दोघे लांब उभे राहिले, कोणी हात उचलेना. स्पीकरमधून फक्त खालची गुरगुर येत होती. पहिला ठोसा बसला आणि ड्रम आत आला. ठोसे सलग बसायला लागले तशी गिटार चढली. मित्राने मधेच त्याचा डाव मोडला, तसं संगीतही मोडून पडलं आणि खालून परत उभं राहिलं. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर घेतला. शेवटी त्याने तो लांबलचक मार सुरू केला, ज्याला ते अल्ट्रा म्हणतात, आणि एकेका ठोशाला एकेक स्वर वाजायला लागला. ठोशांतून चाल उमटत होती. मारणारा मुलगाच ती वाजवत होता.

माझा मामा दशावतारात पखवाज वाजवतो, पंचेचाळीस वर्षं. लहानपणी जत्रेला मी त्याच्या मागे बसायचो. युद्धाला दोन नट तलवारी घेऊन फेर धरतात, एकमेकांना जोखतात. तेव्हा मामा जवळजवळ काही वाजवत नाही, डाव्या पुडीवर तळहात नुसता फिरवतो. कणीक लावलेल्या त्या पुडीतून हुंकारासारखा आवाज निघतो. तलवार वर जाते तेव्हा थाप नाही. ती पडते तेव्हा थाप. मग पाय, गिरकी, झांज, सगळं त्याच्याभोवती चढत जातं. मी एकदा विचारलं होतं, पुढे काय होणार ते तुला कसं कळतं? म्हणाला, "पांयांकडेन पळय, हातांकडेन न्हय." पायांकडे बघ, हातांकडे नाही. नटाचा पाय सांगतो वार येणार की हुलकावणी.

हे सगळं ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलंय, त्याने त्या मुलाला 'फाइल लाव' म्हणून गप्प बसवलं.

घरी येऊन मी चार रात्री पाचही गेमच्या लढती ऐकत बसलो, ठोशांच्या आवाजासकट. माझा पूर्ण कागद हलला. फायटिंग गेममध्ये ठोशाचा आवाज ही बातमी असते: वार अडवला की लागला, हलका की जड, हे खेळणारा कानाने ओळखतो. नाटकातल्या वाक्यासारखंच ते. टेकन थ्रीत खाली खर्ज, वर झांजेसारखी टिकटिक, आणि मधली जागा बरीचशी मोकळी. तिथे ठोसा खणखणीत बसतो. मला ज्यात चाल दिसली नव्हती, ती त्यांनी वारांसाठी रिकामी सोडली होती. ज्याने दहा वर्षं हेच केलं त्याला हे ओळखता आलं नाही. गिल्टी गियरमध्ये गायकाचा आवाज आणि वार एकाच पट्ट्यात येतात. पण तिथे खेळणारे त्या गाण्यावरच पेटतात, आणि तेही खोटं म्हणता येत नाही. त्याचे गुण कापायचे की नाही, माझं अजून ठरत नाही. स्ट्रीट फायटर टूमध्ये कोणाची ताकद संपत आली की संगीताची लय वाढते, गजराला भजन चढतं तशी. तेही फाइलमध्ये नव्हतं.

लहानपणी म्हापशाच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी किंग ऑफ फायटर्स ९७ खेळायचो. त्यात बऱ्याच लढतींना धूनच नाही, नुसता मागच्या गर्दीचा, रस्त्याचा आवाज. मला वाटायचं मशीन बिघडलंय. मोठेपणी कळलं, ते ठरवून केलेलं होतं. ओळखीच्या मोजक्या खेळाडूंची धून वाजली की अंगावर काटा यायचा, तो त्या शांततेमुळे. पाच गेमच्या यादीत असा गेम कोणी आणूच शकला नसता. कारण ऐकवायला फाइलच नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी संयोजकाला फोन करून सांगितलं, गुण चुकलेत, कागद परत द्या. "सर, सर्टिफिकेटं वाटून झाली, आता राहू दे." त्यांना ते एवढंच वाटतं. मग मुलाचा नंबर घेतला आणि त्याला सांगितलं की तुझं बरोबर होतं, मी ऐकून घ्यायला हवं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही फेडर वर घेतलात तेव्हाच मला कळलं होतं."

येत्या जत्रेला तो पेडण्याला येतोय. मामाच्या पखवाजाला मी आजवर एकच माईक देत आलो, कारण चॅनल नटांना लागतात. यंदा दोन लावणार आहे, एक डाव्या पुडीला, एक उजव्या.