उद्देशिका भिंतीवर लावायची तर

संविधान दिन २६ नोव्हेंबरला, प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला. मध्ये ६१ दिवस. वस्तीतल्या लोकांनी स्वतः केलेलं उद्देशिकेवरचं प्रदर्शन उभं करायला ते पुरतात. पण पहिल्याच दिवशी रंग वाटले तर काम बिघडतं. 'संविधानावर चित्र काढा' म्हटलं की तिरंगा, कबुतर, तराजू आणि हातात हात, एवढंच येतं. चाळीस कागद आणि विषय चार. बघणारा तिसऱ्या कागदानंतर चहाकडे वळतो.

म्हणून पहिले दोन आठवडे ब्रश बंद. पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येकाला उद्देशिकेतला एकच तुकडा द्या: 'दर्जाची व संधीची समानता', 'व्यक्तीची प्रतिष्ठा', 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य'. प्रश्नही एकच. हे आपल्या गल्लीत कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही? उत्तरात वस्तू आली पाहिजे, भावना नको. सार्वजनिक नळ, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, कामवाल्या मावशींसाठी वेगळा ठेवलेला कप. त्या कपाचं साधं पेन्सिलचित्र दहा तराजूंपेक्षा जास्त बोलतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर समतेचा प्रश्न ओंजळभर पाण्यातूनच मांडला गेला होता, हे गटाला सांगितलं की वस्तू म्हणजे काय ते लगेच कळतं.

सगळ्यात अवघड शब्द 'बंधुता'. हा गट शेवटपर्यंत अडतो, त्यामुळे त्यात वयाने मिश्र माणसं घाला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येणार नाहीत असं बजावलं होतं. मांडणीतही ते पाळा. तिन्ही विषयांची कामं एकाच भिंतीवर, एका नजरेत येतील अशी लावा. 'स्वातंत्र्य विभाग', 'समता विभाग' असे कोपरे पाडणं सोयीचं असतं, पण माझ्या मते तिथेच प्रदर्शन मरतं.

आता मजकूर. इथे हमखास घोळ होतो. मूळ हस्तलिखितातल्या उद्देशिकेचं छायाचित्र एकीकडे आणि आजचा मराठी मजकूर शेजारी लावला, की कुणीतरी 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' बोटांनी शोधतो आणि वाद सुरू. हे दोन्ही शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने 'राष्ट्राची एकता' या शब्दांना 'आणि एकात्मता' जोडलं. दोन्ही लावायचे असतील तर खाली ही दोन वाक्यं लिहाच, नाहीतर एकच लावा. श्रेयपट्टीतही चुका होतात. 'नंदलाल बोस यांनी लिहिलेलं संविधान' हे चूक. इंग्रजी प्रतीचं सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं, चित्रसजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांची, आणि उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्यौहार राममनोहर सिंहा यांची. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. तिचा हातकागद पुण्यात तयार झाला होता. मूळ पानांच्या प्रती लावणार असाल तर निवडणुकांचा भाग १५ जरूर घ्या. त्यात शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, आणि आपल्याकडची गर्दी तिथे थांबते.

सामूहिक काम म्हणून गोधडीला तोड नाही. प्रत्येक घरातून जुन्या सुती साडीचा १२ बाय १२ इंचाचा तुकडा घ्या. शिवणीत चारही बाजूंनी अर्धा इंच जातो, म्हणजे ११ इंच उरतात. सहा आडवे आणि नऊ उभे असे ५४ तुकडे जोडले की ६६ बाय ९९ इंचांचं काम होतं, साधारण साडेपाच बाय सव्वाआठ फूट. आधी सगळे तुकडे धुवा, नाहीतर लाल साडीचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. सुती आणि नायलॉन एकत्र जोडू नका, ताण वेगळा असल्याने चुण्या पडतात. शब्द साखळी टाक्याने भरा. 'न्याय' एका तुकड्यात सुखाने बसतो, 'धर्मनिरपेक्ष' ला दोन द्यावे लागतात, म्हणून कागदावर आधी मांडून बघा. टांगताना कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या की मध्ये पोट सुटतं. मागे वरच्या काठाला चार इंचांची पोकळ पट्टी शिवा आणि तिच्यातून बांबू घाला.

चित्रांना २२ बाय ३० इंचांचा जाड कागद अर्धा करून घ्या. पातळ ड्रॉइंग पेपर पोस्टर कलरच्या पाण्याने फुगतो. जाड थर दिलेलं चित्र गुंडाळी करून नेलं तर रंगाला तडे जातात, तेव्हा सपाट, मध्ये वर्तमानपत्र घालून न्या. कोणी अशोकचक्र काढणार असेल तर आरे मोजा. ते २४ असतात, आणि २० पासून ३२ पर्यंत काहीही निघतं. कंपासने वर्तुळ काढा, त्याच अंतराने परिघावर सहा खुणा करा, मग प्रत्येक भाग दोनदा निम्मा करा.

इथेच कायद्याचंही बघून घ्या. राष्ट्रध्वजावर अक्षरं लिहायची नाहीत, तो टेबलावर पसरायचा नाही, आणि पायाखाली येईल अशी ध्वजाची रांगोळी तर नकोच. निमंत्रणपत्रिकेवर सिंहमुद्रा छापण्याचा मोह होतो, पण २००५ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय ते चालत नाही.

छपाईतला त्रास मराठीचाच आहे. दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की 'अभिव्यक्ती' मधलं जोडाक्षर फुटतं आणि वेलांटी भलतीकडे जाते. मजकूर रेषांमध्ये बदलून पीडीएफच द्या आणि एक प्रत काढून मोठ्याने वाचा. चित्राखालची पट्टी ४० ते ६० शब्दांची, अक्षर किमान २४ पॉइंट, ओळींमध्ये अंतर सढळ, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. चमकदार फ्लेक्स नको. ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसते. पट्टीवर नाव द्यायचं तर त्या व्यक्तीकडूनच लिहून घ्या, मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

भिंत सभागृहाची असेल तर दुहेरी चिकटपट्टी विसरा. दुसऱ्या दिवशी डिस्टेंपरच्या पापुद्र्यासकट चित्र खाली येतं आणि अनामत रक्कम जाते. भिंतीपासून वीतभर पुढे बांबूची चौकट उभी करा, तिला तार ताणा, दर सहा फुटांवर आधार द्या. नाहीतर तार झोळ खाते आणि चित्रं घसरत मध्ये गोळा होतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, मुलांसाठीची भिंत १२० वर. अंगणात मांडत असाल तर प्रत्येक कागदाला खालीही चिमटे लावा. जानेवारीतल्या दुपारचा वारा पुरेसा असतो. व्हीलचेअर वळेल इतकी, किमान पाच फुटांची वाट सोडा. 'संधीची समानता' अशा पाटीखाली पायरी असली की लोक हसतात, आणि बरोबर हसतात.

शेवटच्या भिंतीवर कोरा मांजरपाट आणि दोरीला बांधलेले मार्कर ठेवा. कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर शाई पसरते. वर एकच ओळ: 'आम्ही, भारताचे लोक…' पुढे काय लिहायचं ते येणाऱ्यांवर सोडा, पण जवळ एक माणूस उभा ठेवा. शिवीगाळ आणि पक्षांची नावं पहिल्या तासातच येतात, आणि ती पुसायची की ठेवायची हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच ठरवलेलं असावं.

२६ जानेवारीच्या संध्याकाळी आवराआवरीला किमान चार माणसं लागतात. दोघांनी चित्रं यादीशी ताडून ज्याची त्याला द्यायची, एकाने चौकट सोडायची, आणि एकाने मैदानात पडलेले कागदी झेंडे आधी वेचायचे.