अर्जात 'सर्फिंग' लिहू नका (माझा अनुभव)

आधीच सांगून ठेवतो, कुणाला सरकारी दफ्तरात नदीवरच्या जुन्या खेळांचा इतिहास शोधायचा असेल तर अर्जात 'सर्फिंग' हा शब्द चुकूनसुद्धा लिहू नका. माझे साडेतीन महिने त्या एका शब्दाने खाल्ले, अजून आठवलं की डोकं फिरतं.

झालं असं की भाचा मंगळूरजवळ मुळकीला सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायला, शिकून आला, तिथल्या आश्रमातल्या लोकांनी २००४ च्या आसपास क्लब काढला तेव्हापासून ते गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे म्हणे. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, मामा आपल्या सांगलीत असलं कधी कायच नव्हतं ना? आता मी इथे कृष्णेच्या माई घाटावर लहानाचा मोठा झालेला माणूस, लागलं मला ते. समुद्र नाही हे कबूल. पण पुरात वाहत आलेला ओंडका गाठून, त्याच्यावर पोटावर पडून पलीकडे सांगलवाडीच्या काठाला लागणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत, मग ते काय होतं? म्हटलं रिटायर झालोच आहे, कृष्णेच्या पुरावर स्वार होणाऱ्यांचा इतिहास काढूया.

गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांच्या काळातली जिल्ह्यांच्या माहितीची पुस्तकं, घरबसल्या नेटवर मिळाली, साताऱ्याचं १८८५ चं आणि कोल्हापूर व दक्षिणेकडच्या संस्थानांचं १८८६ चं. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही नेटवर आहे, त्यात 'सांगड' बघा. आपण रोज 'सांगड घालणे' म्हणतो पण मूळ सांगड म्हणजे पाण्यावर तरंगायला एकत्र बांधलेले भोपळे नाहीतर होड्या. मद्रासकडच्या कोळ्यांचं कट्टुमरम, म्हणजे शब्दशः बांधलेलं लाकूड, त्याचाच हा भाऊ म्हणायचा. हे सगळं चार दिवसांत झालं, मी जाम खूष.

मग म्हटलं सरकारी कागद बघू, पुराच्या काळातले हुकूम, दवंड्या, काहीतरी असणारच. एका ऑफिसात गेलो, नाव घेत नाही. अर्जाच्या विषयात मी मोठ्या ऐटीत लिहिलेलं, 'कृष्णा नदीवरील सर्फिंगसदृश प्रकारांचा इतिहास'. त्या 'सदृश'वर तर मी फारच खूष होतो. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "नेटचं का? ते वरती, संगणक कक्ष."

मी म्हटलं अहो नेटचं नाही, पाण्यावरचं. "मग पाण्याला कशाला सर्फिंग म्हणताय?"

वर गेलो तर तिथल्या पोराने निदान गुगल करून बघितलं, म्हणाला काका हा तर स्पोर्ट आहे, आणि अर्जावर शेरा मारून क्रीडा विभागाकडे पाठवला. तीन आठवड्यांनी क्रीडावाल्यांचा फोन, स्पर्धा कधी घेताय? नदीपात्रात घेणार तर आधी पाटबंधारेचं ना हरकत लागेल. मी बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, मी कुठे स्पर्धा घेतोय! पण तोवर अर्ज पाटबंधारेकडे निघूनसुद्धा गेलेला. एका अर्जावर चार आवक नंबर पडले, चार रंगांचे शिक्के, वर्ल्ड टूर करून आल्यासारखा तो कागद परत पहिल्या खिडकीत आला आणि आता त्यात त्रुटी निघाली की संस्थेचं शिफारसपत्र जोडलेलं नाही. कुठली संस्था? मी एकटा माणूस. शेवटी एका प्राध्यापक मित्राने कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी दिल्या. (तुम्ही हे पत्र पहिल्याच दिवशी घेऊन जा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, माझी पहिली पोच मी मागितलीच नव्हती.)

शेजारी म्हणाले माहितीचा अधिकार टाका, दहा रुपयांचं काम, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कोर्ट फी स्टॅम्प आणलासुद्धा, अजून पाकिटात आहे. टाकला असता तरी काय आलं असतं, कारण पत्र दिल्यावर उत्तर आलंच, एका ओळीचं: 'सांगली जिल्ह्याचे सन १९५० ते १९६० चे अभिलेख आढळून येत नाहीत.' संपलं.

त्या दिवशी मी आवाज चढवला, खोटं कशाला बोलू. साहेब मीटिंगला होते, ते कायमच असतात. बाहेर बाकावर बसलो होतो, तर तिथले एक शिपाईमामा, रिटायरमेंटला आलेले, पाण्याचा ग्लास देऊन म्हणाले, "सर, तुम्ही सांगली सांगली करताय, तवा सांगली जिल्हा हुता कुठं? दक्षिण सातारा म्हणा की."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. शाळेत पाठ केलेलं सगळं, १९४९ ला संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि सांगली हे नाव १९६० च्या नोव्हेंबरात पडलं. माझी चूक होतीच. पण साडेतीन महिने चार टेबलांवरच्या एकालाही हे सुचू नये? मामांनी दहा मिनिटांत फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता काढून दिला. लाल फडकं विटून गुलाबी झालेलं, गाठ इतकी आवळलेली की दातांनी सोडवावी वाटत होती, आणि लटकलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत 'द. सा.', बस दोन अक्षरं.

आत हाती लागलं ते अर्धं पान. पुरात वाहून येणारी लाकडं धरण्यासाठी कोणी नदीत उतरू नये, उतरल्यास कारवाई होईल. तारखेच्या जागी कसरीने भोक पाडलेलं. पण मनाई करावी लागली म्हणजे लोक उतरत होते, आणखी काय पुरावा पाहिजे?

हां, एक राहिलं, म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, कागद पळून जात नाहीत. मी उलटं केलं. घाटावरचे एक आजोबा आहेत चौऱ्याऐंशीचे, त्यांनी चहाच्या टपरीवर बाकडं धरून दाखवलं ओंडका कसा धरायचा, "आडवा नाय धरायचा, शेपटाकडनं चढायचं, आन पाण्याशी भांडायचं नाय, तिरकं तिरकं काठाला." त्यांनी वसंतदादांचाही विषय काढला, २४ जुलै १९४३ ला सांगलीचं जेल फोडून बाहेर पडलेल्यांनी भरल्या कृष्णेत उड्या टाकल्या होत्या ते, आणि म्हणाले त्यातले सगळे काय पट्टीचे पोहणारे नव्हते. मग थोडा वेळ गप्प बसले. मी पण काही विचारलं नाही.

नवीन पोरांना पोहायला शिकवताना ते पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, हलकं असतं म्हणून. घरी येऊन बघितलं तर हवाईत लाटांवर स्वार व्हायच्या जुन्या फळ्या विलिविली नावाच्या झाडाच्या करायचे आणि विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ, दोन्ही एरिथ्रिना या एकाच प्रजातीतली. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले, बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली झोपा.

दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. भाच्याचं उत्तर आलं, "मामा, पण यात सर्फिंग कुठे लिहिलंय?"

येऊ दे दिवाळीला.