"दोघांना एकत्र करून द्या"

पाळीव प्राण्यांच्या दहनाचं काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं भट्टी सांभाळत असणार. भट्टी आपलं काम करते, आमचा जीव जातो तो एकाची राख दुसऱ्यात न जाऊ देण्यात. कुत्रा आला की त्याच्या नंबरचा धातूचा बिल्ला त्याच्यासोबत, भट्टीतसुद्धा, कारण अंगातली ओळखीची मायक्रोचिप 800-900 अंशांत टिकत नाही. नंतर चेंबरचा कोपरान् कोपरा ब्रशने काढायचा, मगच पुढचा. काही ठिकाणी मध्ये विटा लावून तीन-चार जणांना एकदम घेतात आणि सांगतात की वेगळं केलं. मला हे सहनच होत नाही, त्या माणसांनी विश्वासाने सोपवलेलं असतं.

त्यामुळे एक काकू जेव्हा त्यांच्या गेलेल्या सोनी कुत्रीला घेऊन आल्या, सोबत तिच्याआधी गेलेल्या बंड्या कुत्र्याच्या राखेचा आमच्याकडूनच नेलेला डबा, सील तसंच, आणि म्हणाल्या "दोघांना एकत्र करून द्या, आम्ही डोंगरावर नेऊन सोडणार आहोत", तेव्हा मला पटकन काही बोलताच येईना.

सोनीच्या मांडीत ऑपरेशनची धातूची प्लेट होती. हाडं जळून जात नाहीत, पांढरी ठिसूळ होऊन उरतात, लोक जिला राख म्हणतात ती ही दळलेली हाडं. दळण्याआधी सगळा धातू काढावा लागतो आणि ऑपरेशनच्या स्क्रूंना बहुतेक वेळा चुंबक ओढत नाही, म्हणून ट्रे दिव्याखाली धरून चिमट्याने एकेक वेचले, शेवटचा हाडातच रुतून बसला होता. ती प्लेट काकूंना दाखवली तर त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढं असून पळायची."

मग जागेचा विषय निघाला. काकांना शिखरच हवं होतं, तिथून सगळं दिसतं म्हणून. आता शिखरावर माती जेमतेम असते, तिथली झाडं कमी खाऊन जगणारी, आणि या राखेत कॅल्शियम, फॉस्फेट, मीठ भरपूर, एका जागी ढीग ओतला तर मुळं करपतात. खत होतं म्हणून लोक बिनधास्त झाडाच्या बुंध्याशी ओततात, ते तसं नाहीये. शिवाय वरचा वारा. बारीक पूड उडून अंगावर येते, जाड कण पायाशीच पडतात. पाण्यापासून लांब, राखीव जंगल असेल तर आधी परवानगी, हे सगळं सांगितलं.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच असतो, तो मी प्रत्येकाला विचारतो, की तो स्वतः कुठे थांबायचा? नजारा माणसाला लागतो, कुत्र्याला वास आणि आपली माणसं.

काकू लगेच म्हणाल्या, अर्ध्या वाटेवरचा सपाट खडक. बंड्याचे खुबे गेल्यावर तो तिथपर्यंतच यायचा आणि काकू त्याच्याजवळ बसायच्या. काका सोनीला घेऊन वर, आणि ती मध्येच सुटून खाली यायची, बंड्याचं तोंड हुंगायची, परत वर. प्रत्येक वेळी. काका गप्प बसले होते, मग हळूच म्हणाले, "पण ती त्या खडकावर कधी बसली नाही."

मी म्हणालो, आधी जागा ठरवा, एकत्र मी नंतरही करून देईन, एकदा मिसळलं की जगातली कुठलीही चाळण वेगळं करू शकत नाही. दोन डबे वेगळेच गेले.

नंतर काकांचा फोन आला. बंड्याला खडकाभोवती पातळ पसरलं, सोनीला तिथून वरपर्यंत वाटेच्या कडेने चिमूटचिमूट. ती तशीच होती, एका जागी न टिकणारी. कुत्र्यांचा एवढा विचार करून ठरवलेली जागा मी फार कमी पाहिलीये. पण काकूंना दोघं एकत्र हवे होते, ही त्यांनी मागितलेली पहिली गोष्ट. मी त्याच दिवशी मिसळून दिलं असतं तर दोघं खडकापाशीच राहिले असते. माझं थांबवणं त्या दोघांसाठी होतं, की वेगळं ठेवायची माझ्या हाताला लागलेली सवय त्यात बोलली? काकूंना विचारावंसं वाटतं, सुरुवातीची थोडी चिमूट खडकाजवळच पडली ना, बंड्याच्यातच?