मानेतला रवा

मंगळवार, रात्री साडेदहा

सकाळी दूध तापवत असताना दारावरची बेल वाजली म्हणून मान वळवली आणि पुन्हा तोच आवाज झाला. कढईत रवा परतताना उलथण्याखाली होतो तसा, बारीक आणि कोरडा. दुखले मात्र काहीच नाही. उलट दुपारी मान जराही न हलवता वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेव्हा कवटीच्या तळाशी उजवीकडे अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि त्या वेळी मानेने चकार शब्द काढला नव्हता.

फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणाऱ्या आजाराचे, निदान होऊन सहा वर्षे झाली, तरी मान वाजली की मणका झिजला, हे समीकरण मनातून जात नाही. डॉक्टरांनी समजावले होते, की मणक्यांमधल्या लहान सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो, सांधा ताणला गेला की त्यातला दाब उतरून वायूची पोकळी तयार होते आणि 'कट्' असा आवाज येतो. करकर बहुधा स्नायुबंध हाडावरून सरकल्याची असते. निरोगी माणसांच्या मानाही वाजतात. माझ्या बाबतीत मेंदू आणि मज्जारज्जू साध्या संवेदनाही वाढवून घेतात, एवढाच फरक. ओढणीचा काठही कधीकधी टोचतो, आणि मंगळसूत्र गेल्या पावसाळ्यापासून कपाटात आहे.

या आजाराच्या निदानासाठी ठरवलेल्या 1990 च्या निकषांत शरीरावरचे 18 बिंदू दाबून पाहत आणि त्यांतले किमान 11 दुखावे लागत. त्यांपैकी बरेच एकट्या मान-खांद्याच्या पट्ट्यातले होते. 2010 च्या निकषांनी हे बिंदू मोजणे सोडून दिले, पण माझ्या मानेला तसे कुणी कळवलेले दिसत नाही.

शेजारच्या काकांनी न्हाव्याकडून मान मोडून घेण्याचा सल्ला पुन्हा दिला. त्यांचा हेतू चांगला असला, तरी मला तो धोक्याचा वाटतो, कारण अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आवाजापेक्षा हाताची पकड सैल पडणे, बोटे बधिर होणे किंवा चालताना तोल जाणे यांवर लक्ष ठेवायचे आणि तसे काही झाले तर लगेच दाखवायचे, असे मला बजावले आहे.

आत्ता दिवा जवळ ओढायला वळले, तेव्हा दोनदा कट् वाजले. पेन हातात नीट धरलेले आहे.