उलटतपासणीत निघालेलं ‘बरं आहे’

आमच्या सोलापुरात कुणी "कसं आहे?" विचारलं की माणूस अंथरुणाला खिळलेला असला तरी म्हणतो, "बरं आहे की ओ." हीच सवय माझ्या नुकसानभरपाईच्या दाव्यात कागदावर छापून माझ्यासमोर आली.

ऑगस्ट २०२३. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून निघालो होतो, मागून टेम्पोने उडवलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. दवाखान्यातला माझा फोटो भाच्याने फेसबुकवर टाकला. पन्नासेक जणांनी चौकशी केली आणि मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवत गेलो: "किरकोळ लागलंय, आठ दिवसांत मागावर उभा राहतो." आई गावाकडे, तिला कुणीतरी हे वाचून दाखवणार, एवढंच डोक्यात होतं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. आम्ही नोव्हेंबरातच लावला. यंत्रमागाचं काम उभ्याचं. सिव्हिलच्या दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात, पण न्यायाधिकरण बघतं ते त्या अपंगत्वाने कमाई किती घटली. बसून हिशोब लिहिणाऱ्याचा पाय आणि माग चालवणाऱ्याचा पाय, दोन्हींचा हिशोब वेगळा. म्हणजे सगळा दावा मी किती वेळ उभा राहू शकतो यावर, आणि नेमकं त्याबद्दलच मी पन्नास ठिकाणी लिहून ठेवलेलं!

त्यात जानेवारी २०२५ मध्ये, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत, फेसबुकने भाच्याला जुनी आठवण दाखवली: पांढरी बाराबंदी घालून यात्रेतली उंच, जड काठी म्हणजे नंदीध्वज पेलणारा मी. फोटो २०१९ चा. गड्याने वरची तारीख कापली आणि स्टेटसला ठेवला, "मामा परत फॉर्मात!" रागावणार तरी कसं, प्रेमानेच केलं होतं.

त्या रात्री मी सगळं उडवायलाच बसलो होतो. बायको म्हणाली, आधी वकील मॅडमना विचारा. मॅडम फोनवरच कडाडल्या, "एक अक्षरही काढू नका. स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असणारच. मग तुम्ही पुरावा लपवला असं होईल." नवीन काही टाकायचं नाही, घरच्यांनी मला टॅग करायचं नाही, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घ्यायची नाही. मी म्हटलं, खातं खासगी करून टाकतो. त्यावर त्या हसल्या. "करा, पण स्टेटस बघणारे तुमचेच पाहुणे आहेत ना?"

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी दोन्ही कागद पुढे केले. मला वाटलं होतं, छापील कागदावर आपण हरकत घेऊ. दावा नव्या साक्ष्य अधिनियमाच्या आधीचा, म्हणून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र हवं होतं, ते त्याला जोडलेलं नव्हतं. पण मॅडमनी आधीच बजावलं होतं, न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त असते, त्या आडोशाला उभं राहू नका, खरं ते सांगा.

"हे तुम्हीच लिहिलं?"

"हो साहेब."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता?"

हा प्रश्न पायापेक्षा जास्त दुखला. "आईला धीर द्यायला लिहिलं. एक्स-रे त्याच आठवड्यातला आहे," एवढंच बोललो.

नंदीध्वजाचा कागद आला तेव्हा मॅडमनी २०१९ ची मूळ पोस्ट दाखल केली, तारखेसकट, आणि आमच्या बाजूने प्रमाणपत्र जोडून. त्या रात्री मी ती उडवली असती तर तो फोटो कधीचा हे सांगायला माझ्याकडे माझी जीभच होती.

निकाल अजून लागायचाय. कुणी विचारपूस केली की मी लिहीत नाही, फोन करतो; पण तोंडात पहिलं "बरं आहे"च येतं.

या जानेवारीत यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ भाच्याने मला प्लास्टिकची खुर्ची मिळवून दिली. नंदीध्वज आले तसा त्याने मोबाइल वर केला, माझ्याकडे बघितलं आणि परत खिशात घातला.